तीन शब्द वगळून सोलापूर

सोलापूरला जाऊन आले असं म्हटलं की पुण्यातला माणूस दोनच गोष्टी विचारतो: चादर आणली का, आणि ऊन कसलं होतं. ऊन नव्हतं, जानेवारी होता. चादरी मात्र भरपूर आणल्या, आणि त्या विकत घेतलेल्या नाहीत, अंगावर घातलेल्या आहेत. मी जिथे गेले तिथे पाहुण्याचा सत्कार शालीनं करत नव्हते, चादरीनं करत होते. शाल खांद्यावर बसते, चादर माणसाला झाकून टाकते. सगळे सत्कार आटोपले तेव्हा मंचावर मी बसले आहे की अंथरुणाची वळकटी ठेवली आहे, हे मागच्या रांगेतून सांगता आलं नसतं.

गेले होते भाषणाला. मी औषध देणारी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगते, कारण सोलापुरात ते कुणी ऐकून घेतलं नाही. माझी डॉक्टरकी प्रयोगशाळेतली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्या वेळेवर मरत का नाहीत याची चौकशी करायची, हा माझा उद्योग. आपल्या अंगातल्या पेशींना स्वतःला संपवण्याची एक शिस्तशीर रीत उपजतच ठाऊक असते. पेशी बिघडली, जुनी झाली, नकोशी झाली की तिला तसा निरोप येतो आणि ती गाजावाजा न करता आवरतं घेते. कॅन्सरची पेशी हा निरोप ऐकत नाही, आणि स्वादुपिंडातली तर फारच हट्टी. पुण्यात मी या विषयावर बोलायला लागले की लोक घड्याळ बघतात. त्यामुळे सोलापूरच्या एका कॉलेजातून राष्ट्रीय चर्चासत्राच्या मुख्य भाषणाचं आमंत्रण आलं तेव्हा मी हुरळून गेले.

पहिला शब्द

स्टेशनवर प्रा. शिवानंद हार घेऊन उभे होते. चाळिशीचे, चापून भांग पाडलेले, अतिशय अदबशीर गृहस्थ. चर्चासत्राचे संयोजक तेच. त्यांची पीएचडी पेशींच्या संदेशवहनावर, म्हणजे एक पेशी दुसरीपर्यंत निरोप कसा पोचवते यावर. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, एक छोटीशी विनंती होती. भाषणात 'मृत्यू' हा शब्द टाळता येईल का?"

"अहो, विषयच तो आहे."

"हो, विषय तोच आहे. पण सभागृहाला आमच्या अध्यक्षांच्या आईंचं नाव दिलंय. नुकतीच वास्तुशांत झालीय. ते म्हणाले, नव्या वास्तूत पहिलाच कार्यक्रम, त्यात मृत्यू कशाला."

कॉलेजच्या फाटकावर बॅनर लागलं होतं: 'पेशींची नियोजित सेवानिवृत्ती'. खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो होता, आणि कोपऱ्यात एक पेशी, तळताना न फुगलेल्या पुरीसारखी. अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे. शिवानंद याच संस्थेच्या शाळेत पाटी घेऊन जात होते तेव्हाही अध्यक्ष तेच होते. दर खेपेला 'आता तरुणांनी पुढे यावं' असं ते भाषणात सांगतात आणि टाळ्या वाजत असतानाच मुदतवाढ घेतात.

गेस्ट हाऊसवर नाश्त्याला सुशीला होती, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा. आमच्याकडे चुरमुरे भेळेशिवाय दुसऱ्या कशाला लावणं कुणाला सुचत नाही. सोलापूरकरांनी त्यांना भिजवून, फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून एक खरोखर चांगला पदार्थ केला आहे. वाढणाऱ्या मावशींनी मी डॉक्टर आहे हे ऐकून गुडघा पुढे केला. माझा गुडघ्यांचा अभ्यास नाही, असं सांगितल्यावर त्यांनी दुसरा गुडघा दाखवला.

दुसरा आणि तिसरा

दुपारी शिवानंद मला नवी पेठेत घेऊन गेले. त्यांच्या वडिलांचं तिथे चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि सत्काराच्या चादरी तिथूनच जायच्या होत्या. नवी पेठेत माणसं, रिक्षा आणि साड्यांचे पुतळे एकाच रस्त्यावरून चालतात, आणि वाट द्यायची वेळ आली की पुतळेच जास्त समजूतदार निघतात.

दुकानात पांढऱ्या गादीवर अप्पा बसले होते. कपाळाला भस्म, डोक्याला टोपी, आणि अंगातला सदरा दुसऱ्याच कुणा धडधाकट माणसासाठी शिवल्यासारखा. मला बघून त्यांनी गादीवरची जागा हातानं झटकली.

"बर्री अक्का, या, बसा. चा घ्या. शिवा सांगत हुता, तुमी लई मोट्या डाक्टर हाय म्हनून."

"औषध देणारी नव्हे अप्पा. मी पेशी बघते."

"बगा की," ते म्हणाले. मला चांगला छंद आहे, असं त्यांचं मत झालेलं दिसलं.

त्यांनी माझ्यासमोर चादरी उलगडल्या आणि प्रत्येक चादर उलटी करून दाखवली. "सुलटी बाजू समद्यांचीच चांगली असती. गिऱ्हाइकानं उलटी बगावी." बोलता बोलता दम लागला म्हणून थांबले. मी तब्येतीचं विचारलं.

"पोटाला जरा सूज हाय. कावीळ झालती, नळी घातली, उतरली. मंग शिवानं ताकदीची सलाईन लावली बगा. अशी ताकद आली, अशी ताकद आली, की मला उठून बसवंना. भाकरीचा वास आला तरी उलटी. म्हनलं, असली ताकद आपल्याला नको. दुसऱ्या बारीला गेलोच न्हाय."

शिवानंद टॉवेलांच्या थप्प्या सारख्या करत होते. त्या आधीच सारख्या होत्या.

बाहेर आल्यावर, एका ज्वेलरच्या दुकानाच्या सावलीत, त्यांनी मला सांगितलं. सूज नाही, स्वादुपिंडाचा कॅन्सर. सलाईन ताकदीची नाही, केमोची. डॉक्टरांचं म्हणणं, केमोनं गाठ आवळली तर ऑपरेशन करता येईल; वेळ दवडला तर तेही हातचं जाईल. डॉक्टरांनाही घरच्यांनी गळ घातली होती, त्यामुळे तेही सूज-सूज म्हणत होते.

"आणि अप्पांना?"

"नाही सांगितलं मॅडम. खचतील."

तेवढ्यात समोरचा बांगडीवाला दुकानातूनच म्हणाला, "काय सर, अप्पांच्या केमोचं काय झालं?" शिवानंदांनी त्याला हातानं 'नंतर' अशी खूण केली. चहावाल्याला माहीत होतं. दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असणार. रोग कुणाला झाला आहे हे अख्ख्या नवी पेठेला माहीत होतं, फक्त ज्याच्या पोटात होता त्याला नव्हतं.

आमच्याकडे याच्या उलट. पुण्यात रिपोर्ट रोग्याच्याच हातात देतात, तो लिफ्टमध्ये मोबाइलवर स्वतःचे किती महिने उरलेत ते शोधतो आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत मृत्युपत्राचा मसुदा तयार असतो. तेही काही फार शहाणपणाचं नाही. पण निदान सलाईन नाकारायची तर कशाला नाकारतो आहोत हे त्याला कळतं. अप्पांचं काहीच चुकलेलं नव्हतं. ज्या ताकदीच्या औषधानं माणूस आडवा होतो ते सोडून द्यावं, हा सरळ व्यापारी हिशेब. खोटं बोलले होते बाकीचे, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवल्यामुळे हा माणूस आपला एकुलता एक उपाय टाकून दुकानात चादरी उलटत बसला होता.

"खरं सांगू का मॅडम," शिवानंद म्हणाले, "हे सगळं चर्चासत्र मी याच्यासाठीच घडवून आणलं. अप्पांना शिकलेल्या माणसाचा मान वाटतो. तुमचं भाषण ऐकतील, मग तुम्ही उद्या सांगितलंत तर सलाईन घेतील. फक्त का घ्यायची ते नका सांगू. आणि ते पहिल्या रांगेत असणार आहेत, तेव्हा भाषणात 'कॅन्सर' आणि 'स्वादुपिंड' एवढं..."

"टाळायचं."

"हो. स्लाइड इंग्रजी आहेत, त्याची अडचण नाही. ते कन्नड आणि मराठीच वाचतात."

स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींच्या मृत्यूवर बोलायचं, आणि त्यातून स्वादुपिंड, कॅन्सर आणि मृत्यू काढून टाकायचे. उरल्या पेशी आणि षष्ठीचे प्रत्यय. मी संतापून नाही म्हणणार होते. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि भर बाजारात रडू पाहणाऱ्या प्राध्यापकासमोर माझं काही चालत नाही.

सभागृह

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, चादरी झाल्या. सत्कारमूर्तींचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार, मग सूत्रसंचालिकेचा. अप्पा पहिल्या रांगेत धुवट धोतरात बसले होते आणि प्रत्येक चादर उलगडली की मान डोलवत होते. माल त्यांचा होता.

मग मी उठले. निम्म्या चादरी खुर्चीवर ठेवल्या.

बोटांपासून सुरुवात केली. म्हटलं, आईच्या पोटात असताना आपले हात वल्ह्यासारखे सलग असतात. मधल्या पेशींना निरोप येतो, त्या वेळेवर निवृत्त होतात, म्हणून बोटं सुटी होतात. सगळ्या सभागृहानं आपापली बोटं पसरून बघितली. अप्पांनीही बघितली. पेशी कशी आक्रसते, आपला संसार कसा नीट तुकड्यांत बांधून ठेवते, शेजारच्या पेशी ते तुकडे कसे गिळून टाकतात, कुठे सांडलवंड नाही, हे सगळं सांगितलं.

"पण एखादी पेशी अशी निघते," मी म्हणाले, "की तिला निरोप आला तरी ती जागा सोडत नाही. निरोप आणणाऱ्यालाच दारात अडवते. उपासमार झाली तर घरातलीच अडगळ खाऊन तग धरते. आजूबाजूच्या पेशींना कामाला लावून स्वतःभोवती तटबंदी बांधून घेते, म्हणजे बाहेरून काही आत येऊ नये. आणि स्वतःसारख्याच आणखी पुष्कळ तयार करते."

तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. मग प्राध्यापकांच्या सगळ्या रांगा खोकायला लागल्या. मी शपथेवर सांगते, माझ्या मनात काचेच्या बशीतल्या पेशीच होत्या. पण श्रोते बघत होते ते मंचाच्या मधल्या उंच पाठीच्या खुर्चीकडे. तिथे अध्यक्ष प्रसन्न चेहऱ्यानं मान हलवत होते.

अध्यक्षीय भाषणात ते म्हणाले, "मॅडमनी आज आपले डोळे उघडले. साध्या पेशी निरोप आला की निघाल्या. आजकालची पिढी अशीच. दुसरीकडे चार पैसे जास्त दिसले की संस्था सोडली. पण एखादीच पेशी अशी निष्ठावान असते, की काही झालं तरी ती आपली जागा सोडत नाही. उपाशी राहील, पण राहील. अशा पेशींवरच ही संस्था उभी आहे."

सगळ्यात आधी प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. चादरीच्या आतून मीही वाजवल्या. ती पेशी कॅन्सरची आहे असं सांगायला कुणी उठलं नाही, कारण ते मी सांगितलंच नव्हतं.

मंद्रूप

दुसऱ्या दिवशी शेतावर हुरडा. मंद्रूपला अप्पांची शाळवाची शेती आहे. काळ्या जमिनीवर कमरेच्या वर गेलेली ज्वारी, वाऱ्याला थोडी थंडी, आणि बांधाजवळ गोवऱ्यांची आगटी पेटलेली. अव्वा, म्हणजे शिवानंदांच्या आई, आगटीत कणसं भाजत होत्या. अप्पा गरम कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करत होते आणि माझ्या ताटात टाकत होते. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. 'साकु' म्हणजे पुरे, हा कन्नड शब्द मी तिथे शिकले आणि बऱ्याच वेळा वापरला. अव्वांनी त्याची दखल घेतली नाही. पुण्यातही हुरडा पार्ट्या होतात, तिथे डीजे असतो आणि हुरडा मोजून मिळतो.

शिवानंदांना प्राचार्यांचा फोन आला. प्रमाणपत्रांवर अध्यक्षांचा फोटो लहान छापला गेला होता. ते रेंज शोधत पार विहिरीपलीकडे गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली: आता सांगा.

पण अप्पाच आधी बोलले. "अक्का, काल तुमचं भाषन लई आवडलं. ती न जानारी पेशी सांगितली न्हवं, ती. मला आधी वाटलं, ही काय बरी न्हाय. पर अद्यक्षांनी फोड करून सांगितलं तवा ध्यानात आलं. मीबी तसलाच हाय. पोरं म्हनत्यात दुकान सोडा, घरी बसा. मी जागा सोडली न्हाय."

"अप्पा..."

"आता सलाईनचं मनातनं काढून टाकलं बगा. माझ्या आतल्या पेशी निष्ठेच्या हायेत. त्यास्नी सलाईननं कशाला तरास द्यायचा?"

माझ्या तोंडातला हुरडा तोंडातच राहिला. मला अध्यक्षांचा राग आला, शिवानंदांचा आला, आणि सगळ्यांपेक्षा स्वतःचा. तीन शब्द वगळून बोलण्याची कसरत काय झकास जमली म्हणून रात्री मी स्वतःवरच खूश होऊन झोपले होते. त्या कसरतीनं या माणसाला त्याच्या गाठीच्या बाजूनं उभं केलं होतं.

"अप्पा, अध्यक्षांना कळलेलं नाही," मी म्हणाले. "ती पेशी वाईट. ती सगळ्या अंगाला खाते आणि शेवटी अंगाबरोबर स्वतःही मरते. तिचं नाव कॅन्सर. मी ज्या सांभाळते त्या स्वादुपिंडाच्या आहेत."

अप्पांचा हात कणसावर थांबला. आगटीजवळ अव्वांची आमच्याकडे पाठ होती.

"स्वादुपिंड कुटं असतंय?"

मी माझ्या पोटावर हात ठेवून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या पोटावर त्याच जागी हात ठेवला. नळी तिथेच घातली होती.

"माझी सूज..."

"तुमचं मी तपासलेलं नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण 'मला कळलंय' असं सांगून विचारा, म्हणजे त्यांना सूज म्हणता येणार नाही."

त्यांनी कणीस पुन्हा तळहातावर चोळायला घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यासमोर कोसळणार, आणि शिवानंदांचंच खरं ठरणार. मला भीती वाटत होती.

"मंजे ती सलाईन ताकदीची न्हवती," अखेर ते म्हणाले.

"त्या पेशींची ताकद काढायची होती. जो निरोप त्या ऐकत नाहीत तोच पुन्हा पोचवायचा, जरा दरडावून. त्यात तुम्हालाही मार बसतो. म्हणून तुम्हाला उठवत नव्हतं."

"येवडं सांगितलं असतं तर उलट्या सोसल्या असत्या की. मला वाटलं टानिक हाय. टानिकासाटी कोन उलट्या करंल?" मग म्हणाले, "घेतली तर जात्याल?"

"सगळ्यांच्या जात नाहीत. फार हट्टी असतात. काहींची गाठ आवळते, मग कापता येते. खात्री मी देत नाही."

"खात्री कोन मागतंय. रंगाची खात्री आमीबी देत न्हाय." त्यांनी चोळलेला हुरडा माझ्या ताटात टाकला. "फकस्त शिवाला सांगू नका मला कळलंय म्हनून. त्यानं माझ्यापायी येवडा मांडव घातला. मला कळलंय म्हटलं तर खचंल त्यो."

शिवानंद परत आले तेव्हा अप्पा मोठ्यानं म्हणाले, "शिवा, घेतो बाबा तुझी सलाईन. अक्कांनी पटवलं. ताकद पायजेच की मानसाला." शिवानंदांनी मला हात जोडले. अव्वांनी आगटीतून आणखी एक कणीस काढलं आणि माझ्या 'साकु'कडे नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

पुणे

येऊन काही महिने झाले. चादरी कपाटात मावत नाहीत म्हणून दिवाणावर घातल्या आहेत. शिवानंदांचा अधूनमधून फोन येतो. अप्पांनी सलाईन सुरू केली, न चुकता घेताहेत. अध्यक्षांना पुन्हा मुदतवाढ मिळाली, आणि त्यांनी माझ्या भाषणातून स्फूर्ती घेऊन 'निष्ठावान पेशी पुरस्कार' सुरू केला. पहिला पुरस्कार निवड समितीच्या आग्रहाखातर त्यांनी स्वतःच स्वीकारला. चादर अप्पांच्या दुकानातली.

काल पुन्हा फोन आला. "मॅडम, अप्पांना जराही कळू न देता तुम्ही जे केलंत, ते आम्हाला जमलं नसतं," शिवानंद म्हणाले. माझ्या जिभेची ज्यांना ओळख आहे त्यांना हे खरं वाटणार नाही, पण मी गप्प बसले.

मग अप्पा फोनवर आले. घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं हाय की अक्का. ताकद येतीया. उद्या सुजंचा फोटू काडायचा हाय." फोन घेऊन बाहेर गेले असावेत, कारण आवाज खाली आला. "तुमचा निरोप त्या पेशीस्नी पोचला का न्हाय, ते उद्या कळंल. अद्यक्षांस्नी पोचला न्हाय येवडं नक्की." हसायला गेले आणि खोकले. मग पुन्हा, अगदी हळू, "जरा भ्या वाटतंय. घरात कुनाला म्हनता येत न्हाय."

मी म्हटलं, मला म्हणा. ते म्हणाले, "म्हनलं की आता."

फोन अव्वांकडे गेला. एरवी त्या माझ्याशी फक्त खाण्याबद्दल बोलतात. या खेपेला म्हणाल्या, "अक्का, त्या दिशी आगटीपाशी मी समदं ऐकलं. त्यास्नी ठावं हाय, ते मला ठावं हाय. मी तसं दावत न्हाय. राती त्यांस्नी झोप लागत न्हाय तवा मीबी जागीच असते. शिवाला तेवडं सांगू नका हं. त्यो लई हळवा हाय."

तेव्हा आता अप्पांच्या घरात ज्याला काही ठाऊक नाही असा एकच माणूस उरला आहे. त्याची पीएचडी संदेशवहनावर आहे, आणि उद्या सकाळी तो आईला आणि अप्पांना गाडीत घालून सुजेचा फोटो काढायला नेणार आहे.